ओल्या बोंबलाचा तव्यावर लगदा का होतो, आणि त्याचे काय काय करता येते

कोथरूडमध्ये राहणाऱ्या एका गृहिणीने असे विचारले आहे: "सुरमई महाग होती म्हणून अर्धा किलो ओले बोंबील आणले. सुरमईला लावते तोच मसाला लावून तासभर ठेवले आणि रव्यात घोळवून तव्यावर सोडले. दोन मिनिटांत तव्यात पाणीच पाणी झाले, रवा सुटून वेगळा झाला आणि उलथताना माशाचा लगदा हाती आला. घरच्यांनी हा मासा पुन्हा आणू नकोस म्हणून सांगितले आहे. माझे चुकले कोठे, आणि तळण्याखेरीज या माशाचे आणखी काय करता येते?"

माझे माहेर अर्नाळ्याजवळचे असून गेली बावीस वर्षे मी पुण्यात माशांची लहानशी खानावळ चालवते. या काळात हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की पुण्यात बोंबील मागे का पडला याचे उत्तर त्यातच मिळते असे मला वाटते. देशावरच्या घरांना सुका बोंबील चांगला ओळखीचा आहे. आठवडी बाजारातून आणून तव्यावर भाजला, वांग्या-बटाट्यात घातला किंवा लसूण-मिरचीबरोबर कुटून चटणी केली, हे येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ओला बोंबील मात्र अनोळखी राहिला, आणि अनोळखी माशाला आपण ओळखीच्या माशाचे नियम लावतो. तुमचेही तेवढेच चुकले आहे.

सुरमईसारख्या माशाच्या मांसात साधारण तीन चतुर्थांश पाणी असते. बोंबलात ते प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे अर्धा किलो बोंबील आणला तर त्यातले जवळजवळ साडेचारशे ग्रॅम पाणीच असते. हे पाणी धरून ठेवणारी प्रथिने त्यात कमी असल्यामुळे मीठ लागले, वजन पडले किंवा आच लागली की ते बाहेर पडू लागते. तुम्ही मसाला लावून तासभर ठेवलात तेव्हा मिठाने ते ओढून काढले, परंतु निथळायला वाट नसल्यामुळे ते मसाल्यातच राहिले, आणि उरलेले तव्यावर सुटले. रवा कोरड्या पृष्ठभागाला चिकटतो, वाहत्या पाण्याला चिकटत नाही. तेव्हा बोंबील आणलात की पहिला निर्णय पाण्याचा करावा: तळायचा असेल तर पाणी आधी काढून टाकायचे, आणि रस्सा किंवा भुजणे (चुरलेल्या कांद्यात, पाणी न घालता मासा शिजवण्याचा प्रकार) करायचे असेल तर तेच पाणी स्वयंपाकाला वापरायचे. मसाल्याचा विचार त्यानंतरचा आहे.

खरेदीबद्दल थोडे सांगते, कारण शिळ्या बोंबलाला कोणतीच युक्ती चालत नाही. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात किंवा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये येणारा बोंबील किनाऱ्यावरून बर्फात बसून आलेला असतो. पाटीच्या तळाशी वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडालेले मासे घेऊ नयेत. वरचे, बर्फाला लागून असलेले मागावेत. ताजा बोंबील दुधी-गुलाबी, किंचित पारदर्शक आणि चकचकीत दिसतो, त्याचे कल्ले लाल असतात आणि शेपटीकडून उचलला तर तो लोंबकळतो खरा, पण पोट फाटत नाही. पांढराफटक किंवा पिवळट पडलेला, पोटाशी गळलेला आणि नाकाला झोंबणारा वास येणारा बोंबील फुकट मिळाला तरी घेऊ नये. पुण्यात रविवारी बाजारात गर्दी असते आणि निवडायला उसंत मिळत नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी मंडळी बरीच असल्यामुळे मी स्वतः बुधवारी किंवा शुक्रवारी सकाळी लवकर जाते. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, तेव्हा ओल्या बोंबलाच्या मागे लागू नये. नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघतात आणि गणपती-नवरात्र आटोपून लोक मासळीकडे वळतात त्या सुमारास बोंबील चांगला मिळू लागतो. तळण्यासाठी वीतभर लांबीचे जाडसर, आणि कालवणासाठी त्याहून लहान घ्यावेत.

साफ करणे सोपे आहे. डोके, शेपटी आणि पंख कात्रीने कापावेत, कारण या माशावर सुरी घसरते. तोंडात बारीक, आत वळलेले दात असतात, त्यामुळे जबड्यात बोट घालू नये. पोट चिरून आतले काढावे आणि पोकळीला चिकटलेला काळसर पडदा बोटाने खरवडून टाकावा, अन्यथा कडवटपणा राहतो. खवले काढण्याची खटपट करू नये. पाण्याने एकदाच धुवावे. टोपात पाणी घालून बोंबील त्यात भिजत ठेवण्याची सवय असेल तर ती मोडावी.

आता दाब देण्याविषयी, कारण तळलेल्या बोंबलाचे सगळे यश यात आहे. आठ मध्यम बोंबील, साफ करून साधारण अर्धा किलो, पोटाच्या बाजूने शेपटीपर्यंत चिरून पुस्तकासारखे उघडावेत. पाठीचे कातडे अखंड राहिले पाहिजे. मधला काटा मऊ असतो. लहान माशात तो राहू द्यावा, मोठ्यात अंगठ्याच्या नखाने उचलून डोक्याकडून शेपटीकडे अलगद ओढून काढावा. दोन्ही बाजूंना मिळून अर्धा चहाचा चमचा मीठ आणि पाव चमचा हळद चोळावी. एवढे मीठ कमी वाटेल, पण पाणी गेल्यावर मासा आकसतो आणि तेच मीठ दाटते. पहिल्यांदा करणारे हमखास येथे खारट करतात. मग एका पाटावर धुतलेले सुती फडके पसरावे, त्यावर कातडे खाली येईल असे बोंबील एकमेकांना न चिकटता मांडावेत, वर दुसरे फडके आणि दुसरा पाट ठेवावा. एका बाजूला पाटाखाली वाटी सरकवून त्याला उतार द्यावा आणि उताराच्या टोकाला ताट ठेवावे. वर वजन म्हणून आमच्याकडे वरवंटा असे. तुमच्याकडे नसेल तर पाण्याने अर्धा भरलेला लहान कुकर चालेल. वजन दोन-अडीच किलोंपेक्षा अधिक नको, नाहीतर मासा दबण्याऐवजी चिरडतो.

पहिली पाच मिनिटे काही होत नाही असे वाटते. मग फडक्याची कड ओली होते, पाटाच्या टोकाला एक थेंब जमतो, लोंबतो, ताटात पडतो, आणि पुढे थेंबांची संथ धार लागते. पाऊण तासाने मी ताटातले पाणी मोजले आहे: आठ बोंबलांतून लहान वाटीभर निघते. हेच पाणी तुमच्या तव्यात सुटले होते. फडके उचलल्यावर मासा पहिल्यापेक्षा पातळ, किंचित पिवळा आणि स्पर्शाला चिवट लागला पाहिजे. शेपटीकडचे टोक धरून आडवा उचलला तर तो आता पूर्णपणे लोंबत नाही. अजून लिबलिबीत असेल तर कोरडे फडके घालून आणखी वीस मिनिटे ठेवावा. उन्हाळ्यात हे काम ओट्यावर तासापेक्षा अधिक वेळ करू नये. त्याऐवजी मीठ-हळद लावलेले बोंबील चाळणीत, चाळणी पातेल्यावर, आणि वर झाकण अशा रीतीने रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले तर पाणी आपोआप निथळते. नोकरी करणाऱ्या घराला हाच मार्ग सोयीचा आहे. वर्तमानपत्रात दाबून ठेवण्याचा सल्ला अनेक जण देतात. शाई माशाला लागते, त्यामुळे मी तो देणार नाही.

मसाला दाबल्यानंतर आणि घट्टच लावायचा. आले, लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर पाणी न घालता वाटावी, त्यात लाल तिखट आणि चिंचेचा दाट कोळ एक चमचा मिसळावा. मीठ पुन्हा घालू नये. लिंबू या टप्प्यावर पिळू नये, ते ताटात पिळावे. हा मसाला तव्यावर टाकण्यापूर्वी फार तर दहा मिनिटे लावावा. खानावळीच्या पहिल्याच वर्षी एका रविवारी मी घाई टळावी म्हणून चाळीस बोंबलांना सकाळी दहालाच मीठ-मसाला लावून पातेल्यात झाकून ठेवले होते. एक वाजता झाकण काढले तेव्हा मासे हिरव्या पाण्यात तरंगत होते. त्या दिवशी तळलेला बोंबील मागणाऱ्या प्रत्येकाला कालवण वाढले, आणि मसाला आधी लावून ठेवण्याचा मोह तेव्हापासून सुटला.

घोळवण्यासाठी तीन भाग बारीक रवा आणि एक भाग तांदळाचे पीठ घ्यावे. नुसता रवा गळतो, नुसते पीठ कडक पापुद्रा धरते. मासा घोळवून लगेच तव्यावर गेला पाहिजे, घोळवून ताटात रचून ठेवू नये. तवा लोखंडी आणि जाड असावा, तेल तळ झाकून वर थोडे येईल इतके असावे, आणि रव्याचा कण टाकला की तो लगेच फसफसून वर यावा. आच मध्यमपेक्षा थोडी अधिक ठेवावी, एका वेळी तीन-चारच बोंबील कातडे वर करून सोडावेत, झाकण मुळीच ठेवू नये. कडा तांबूस होईपर्यंत, म्हणजे साधारण चार मिनिटे, त्यांना हात लावू नये. तुमचा मासा मोडला तो बहुधा याच घाईत. खालून आवरण धरले की तो स्वतःहून तव्यापासून सुटतो, तेव्हा रुंद उलथन्याने एकदाच उलटावा. दुसरी बाजू तीन मिनिटांत होते. उतरवून जाळीवर ठेवावे. एकावर एक रचले तर वाफेने मऊ पडतात. बाहेरून कुरकुरीत आणि आत सायीसारखा, हे एका घासात फक्त बोंबीलच देतो. राज्य शासनाने २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमासा ठरवले त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण तळलेल्या पापलेटाला ही साय नाही.

कालवणासाठी दाब देण्याची गरज नाही. तेथे दुसरीच काळजी घ्यावी लागते: मासा शेवटी घालायचा. अर्धी वाटी ओले खोबरे, सहा-सात सुक्या लाल मिरच्या, एक चमचा धणे, सात-आठ लसूण पाकळ्या आणि हळद एकत्र गंधासारखे बारीक वाटावे. तेलात ठेचलेला लसूण तांबूस करून वाटण परतावे, दोन वाट्या पाणी घालावे, चार-पाच आमसुले टाकावीत आणि रस्सा पूर्ण शिजवून घ्यावा. तो हवा त्यापेक्षा थोडा दाटच ठेवावा, कारण मासा आपले पाणी त्यात सोडणार आहे. मीठ चाखून बरोबर झाले, की प्रत्येकी दोन-तीन तुकडे केलेले बोंबील उकळत्या रश्शात सरकवावेत, पाच मिनिटे मंद आचेवर ठेवावेत आणि गॅस बंद करावा. पळी घालू नये. पातेले दोन्ही कानांना धरून गोल हलवावे. आमच्या किनाऱ्यावर अनेक घरांत खोबरे न घालता, हिरव्या मिरची-कोथिंबिरीच्या वाटणात आणि चिंचेवर पातळ आंबट-तिखट कालवण करतात, आणि तांदळाच्या भाकरीबरोबर मला तेच अधिक आवडते. पुण्याच्या पाहुण्यांना मात्र खोबऱ्याचे आधी वाढावे असा माझा अनुभव आहे.

तुम्हाला एकच नवा पदार्थ करायचा असेल तर मी भुजणे सुचवीन. वसई-पालघर पट्ट्यात आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांत ते नेहमीचे आहे, पुण्यात फारसे कोणी करत नाही. त्यात पाण्याचा एकही थेंब घालायचा नसतो, आणि बोंबलाचा जो दोष तव्यावर नडतो तोच येथे कामाला येतो. तीन मोठे कांदे पातळ उभे चिरावेत आणि मीठ घालून ते मऊ पडून पाणी सुटेपर्यंत हाताने चुरावेत. हे चुरणे टाळू नये. सुरीने कितीही बारीक चिरले तरी ती चव येत नाही. त्यात एक मूठ कोथिंबीर, चार हिरव्या मिरच्या, दहा लसूण पाकळ्या आणि आल्याचा तुकडा यांचे वाटण, पाव चमचा हळद, एक चमचा तिखट, चिंचेचा कोळ दोन चमचे आणि चार मोठे चमचे कच्चे तेल घालून पुन्हा कालवावे. जाड बुडाच्या पसरट पातेल्यात तळाला एका बटाट्याच्या पातळ चकत्या लावाव्यात, त्यावर हे कांद्याचे मिश्रण पसरावे, वर खोलगट ताट झाकून त्यात पाणी ओतावे आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटे ठेवावे. बटाटा सुरीला जेमतेम लागू लागला की झाकण काढून कांद्यावर बोंबलांचे तुकडे एका थरात मांडावेत, थोडा कांदा वर ओढावा आणि पुन्हा झाकावे. बटाटा आणि मासा एकदम घातला तर बटाटा शिजेपर्यंत मासा विरघळतो. पाककृती सांगणारे हे बहुधा गृहीत धरतात आणि सांगत नाहीत. सहा-सात मिनिटांनी झाकण काढलेत की कोरड्या वाटणाऱ्या कांद्याभोवती हिरवट-सोनेरी रस दिसेल. तो रस बोंबलाचा आहे. आच बंद करून दहा मिनिटे तसेच मुरू द्यावे आणि पातेलेच ताटाजवळ नेऊन रुंद डावाने तळापासून उचलून वाढावे.

भरलेला बोंबील हा पाहुण्यांसाठीचा प्रकार आहे. काटा काढलेल्या, दाबलेल्या मोठ्या बोंबलात कांदा-खोबऱ्यावर कोरडी परतलेली बारीक कोळंबी पसरावी, गुंडाळी करून दोऱ्याने बांधावी आणि वर सांगितल्याप्रमाणे रव्यात तळावी. दाब देण्यात हात बसेपर्यंत याच्या वाटेला जाऊ नये.

आणि लगदा झालाच, तर तो टाकू नये. त्या दिवशी तुमच्याकडे जे तव्यात उरले होते त्याची उत्तम भुर्जी झाली असती. वेगळ्या कढईत दोन कांदे तांबूस परतावेत, ठेचलेला लसूण, मिरची आणि एक टोमॅटो घालून तेल सुटेपर्यंत शिजवावे, मग मोडलेला मासा रव्यासकट त्यात लोटावा आणि आच मोठी करून पाणी आटेपर्यंत हलवत राहावे. सुटलेला रवाच सगळे बांधून घेतो. आणखी आटवून, गार करून, उकडलेला बटाटा मिसळला तर त्याच्याच टिक्क्या होतात. माझ्या खानावळीत शाळकरी मुलांना त्या तळलेल्या बोंबलाहून अधिक आवडतात, कारण काट्याची भीती नसते.

साठवणीबद्दल लोक नेहमी विचारतात. घरच्या फ्रीझरमध्ये ओला बोंबील ठेवू नये. आत बर्फाचे स्फटिक धरून मांसाचे धागे तुटतात आणि बाहेर काढल्यावर पाणी एकीकडे व चोथा एकीकडे होतो. आणला त्या दिवशी किंवा वर सांगितल्याप्रमाणे चाळणीत निथळून दुसऱ्या दिवशी तो संपवावा. किनाऱ्यावर या माशाची साठवण उन्हानेच झाली. वर्सोव्यात, उत्तनला किंवा अर्नाळ्याला गेलात तर बांबूच्या वलांड्यांवर, म्हणजे मासे वाळवण्यासाठी उभारलेल्या मांडणीवर, दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत टाकलेले दिसतील. तेथे पाटाचे आणि वरवंट्याचे काम ऊन आणि वारा करतात.

पहिल्यांदा पुन्हा करणार असाल तर आठच बोंबील आणा, चार रात्रभर चाळणीत निथळत ठेवा आणि चारांचे त्याच दिवशी भुजणे करा. तळण्याचे दुसऱ्या दिवशी पाहा. आणि घरच्यांना मासा कोणता आहे हे जेवण झाल्यावर सांगितलेत तरी चालेल.